निम्मे प्रश्न चुकणारच : ॲडॅप्टिव्ह चाचण्यांविषयी पालकांशी

प्रस्तावना

भोसरी, आकुर्डी किंवा चाकणच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला मोजमापाचं महत्त्व सांगावं लागत नाही. बोअर करून झालं की त्यात प्लग गेज घालून बघतात. ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो गो’ बाजू जाता कामा नये. पीस पास की रिजेक्ट, हे दोन सेकंदांत कळतं. पण बोअर नेमकं किती मोठं झालं, टूल किती झिजलं, ऑफसेट किती द्यायचा, हे गेज सांगत नाही. त्यासाठी मायक्रोमीटर लावून रीडिंग घ्यावं लागतं. क्वालिटीतला माणूस या दोन कामांत कधी गल्लत करत नाही. मुलांच्या परीक्षांच्या बाबतीत मात्र आपण सगळेच ती करतो.

शाळेची नेहमीची परीक्षा हे गेजचं काम आहे. वर्गातल्या सगळ्यांना त्याच चाळीस प्रश्नांची पत्रिका मिळते आणि ती बेतलेली असते मधल्या मुलांसाठी. ज्याला चाळीसपैकी एकोणचाळीस मिळाले तो इयत्तेच्या किती पुढे गेला आहे, हे पत्रिका सांगू शकत नाही. पुढचं तिनं विचारलेलंच नसतं. ज्याला पाच मिळाले तो हातच्याच्या वजाबाकीत अडला आहे की त्याही आधी दोन अंकी संख्या वाचण्यातच, हेही कळत नाही. इतकं मागचं तिच्यात नसतंच. क्रमांक लावायला आणि पास-नापास ठरवायला ती पत्रिका पुरते. या मुलाला उद्या सकाळी काय शिकवायचं, हे ठरवायला वेगळं साधन लागतं. ॲडॅप्टिव्ह चाचणी हे तसं एक साधन आहे.

ही पुस्तिका त्या साधनाविषयी आहे आणि ती मुद्दाम पालकांसाठी लिहिली आहे. शिक्षकांना निदान प्रशिक्षण मिळतं, मुलांना वर्गात एखादा सराव मिळतो. पालकांना मिळतो तो फक्त मोबाइलवरचा निरोप : उद्या टेस्ट आहे, टॅब चार्ज करून पाठवा. मग काही दिवसांनी इंग्रजी अहवाल येतो, आलेख आणि आकडे असलेला. सेकंड शिफ्ट करून रात्री घरी आलेला बाप तो उघडतो, त्यात शंभरपैकी किती पडले ते शोधतो, सापडत नाही म्हणून बंद करतो. पुस्तिकेची गरज इथून सुरू होते.

आधी ही चाचणी चालते कशी ते पाहू. पाचवीतल्या मुलीला पडद्यावर पहिला प्रश्न येतो : अर्धा आणि पाव मिळून किती? ती बरोबर उत्तर देते. पुढचा प्रश्न थोडा अवघड येतो, वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची वजाबाकी. तोही जमतो. मग येतं शाब्दिक उदाहरण : टाकीतलं दोन तृतीयांश पाणी वापरलं, उरलेल्याचं निम्मं झाडांना घातलं, तर एकूण टाकीचा कितवा भाग उरला? इथे ती चुकते. आता प्रश्न किंचित सोपा येतो. असं वर-खाली करत चाचणी त्या मुलीच्या पातळीभोवती घेर आवळत नेते. प्रश्नांचा साठा मोठा असतो. कुठला प्रश्न किती अवघड, हे आधी हजारो मुलांनी दिलेल्या उत्तरांवरून ठरलेलं असतं. पुरेसा भरवसा वाटला, किंवा ठरलेली प्रश्नसंख्या संपली, की चाचणी थांबते.

यामागचं गणित डेन्मार्कचे गणितज्ञ गेऑर्ग राश यांनी १९६० साली पुस्तकरूपानं मांडलं. प्रश्नाचा अवघडपणा आणि मुलाची क्षमता एकाच पट्टीवर मोजायची, ही त्यांची कल्पना. दोन्ही आकडे जुळले, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता निम्मी. मोजणाऱ्याला सगळ्यात जास्त माहिती देतो तो हाच प्रश्न. हमखास येणाऱ्या प्रश्नातून नवं काही कळत नाही, हमखास न येणाऱ्यातूनही नाही. म्हणून चांगली ॲडॅप्टिव्ह चाचणी मुलाला सतत त्याच्या काठावर ठेवते. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या अनेक शाळांत वापरली जाणारी ‘मॅप ग्रोथ’ ही चाचणी अशीच चालते. तिच्यात बहुतेक मुलांचे साधारण निम्मे प्रश्न चुकतात, आणि ते वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाचेही चुकतात.

या पुस्तिकेला जे सांगायचं आहे, ते एवढ्यात आलं. नेहमीच्या परीक्षेत चूक म्हणजे गेलेला गुण. इथे चूक म्हणजे मोजणीचा भाग. ‘पेपर फार कठीण होता, निम्मं आलंच नाही,’ असं म्हणत मूल घरी आलं, तर बहुतेक वेळा चाचणीनं तिचं काम नीट केलेलं असतं. हे ज्या घरात आधी माहीत नसतं, तिथे त्या संध्याकाळी ओरडा बसतो, आणि पुढच्या चाचणीला मूल चुकायला घाबरत बसतं. घाबरलेल्या मुलाचं रीडिंग खरं येत नाही.

ही कल्पना संगणकाबरोबर आली, असं समजण्याचं कारण नाही. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली. पुढे तिचे प्रश्न वयानुसार लावले गेले आणि परीक्षक मुलाची उत्तरं ऐकून वरच्या किंवा खालच्या पायरीवर जाऊ लागला. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी त्या चाचणीची मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्यानं बांधणी केली. त्यावरचं त्यांचं ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन’ हे पुस्तक १९४० साली आलं. बिने-कामत चाचणी आजही मानसशास्त्रज्ञांच्या वापरात आहे. सगळे प्रश्न जमतात अशी खालची पायरी शोधायची, एकही जमत नाही अशी वरची पायरी शोधायची, आणि मधल्या पट्ट्यात मूल कुठे आहे ते पाहायचं. म्हणजे उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलणारी चाचणी मराठी मुलांनी संगणकाच्या कितीतरी आधी दिली आहे.

दुसरं उदाहरण तर गावोगावी घडलेलं आहे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकारातून २००५ पासून ‘असर’ हे सर्वेक्षण होत आलं आहे. त्यात स्वयंसेवक निवडलेल्या गावात घरोघर जाऊन पाच ते सोळा वयाच्या मुलांचं वाचन आणि गणित तपासतात. हातात संगणक नसतो, एक छापील कागद असतो. मुलासमोर आधी पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा ठेवला जातो. तो वाचता आला, तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही आला, तर सुटे शब्द. तेही नाही, तर अक्षरं. गणितात सुरुवात हातच्याच्या वजाबाकीपासून. जमली तर भागाकार, नाही तर संख्या ओळखणं. मूल कितवीत आहे याच्याशी कागदाला देणंघेणं नाही. काही मिनिटांत कळतं की ते कुठपर्यंत पोचलं आहे. एक कागद, एक माणूस आणि नीट ठरवलेला क्रम यांतून हे काम होतं. म्हणून टॅब नसलेल्या शाळेतही हा विचार वापरता येतो, आणि घरीही.

पातळी कळल्यानं काय होतं, याचा पुरावा आहे. ‘प्रथम’नं मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत उभी केली. मुंबई आणि वडोदरा इथल्या तिच्या कामाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर केला. पुढे २०१९ साली या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रकारच्या प्रयोगांसाठी. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या ॲडॅप्टिव्ह संगणक कार्यक्रमाचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की एकाच वर्गातल्या मुलांच्या प्रत्यक्ष पातळीत पाच-सहा इयत्तांचं अंतर असू शकतं. साडेचार महिन्यांत, कार्यक्रमाची संधी मिळालेल्या मुलांनी इतरांपेक्षा गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती केली. बाईंनी सातवीचं पुस्तक सातवीच्या वर्गात कितीही जीव तोडून शिकवलं, तरी चौथीच्या पातळीवर असलेल्या मुलापर्यंत ते पोचत नाही. त्या मुलाची पातळी आधी कुणाला तरी कळावी लागते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात हे अंतर आणखी वाढतं, आणि त्याची कारणं इथल्या वस्तीत आहेत. १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या, आणि गावांचं शहर झालं. महापालिका झाली १९८२ मध्ये. नंतर चाकणला बजाज, फोक्सवॅगन, महिंद्रा, मर्सिडीज यांचे कारखाने आले. या सगळ्यांमागे आणि त्यांना माल पुरवणाऱ्या लहान-मोठ्या शॉपमागे माणसं आली : लातूर-नांदेडहून, जळगाव-बुलढाण्याहून, बिहार-उत्तर प्रदेशातून. मुलांच्या शाळा मधेच बदलतात, माध्यम बदलतं, बोर्ड बदलतं. चिखलीत किंवा मोशीत एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला असतो, दुसरा नर्सरीपासून इंग्रजी माध्यमात असतो. दोघांना एकच पत्रिका दिली की निकाल लागतो, पण दोघांविषयी फारसं काही कळत नाही.

आता काही गैरसमज. संगणकावर झालेली प्रत्येक परीक्षा ॲडॅप्टिव्ह नसते. एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेन संगणकावर होतात, वेगवेगळ्या सत्रांत वेगळी पत्रिका येते, निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पण तुमचं उत्तर पाहून तिथे पुढचा प्रश्न बदलत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेतले ए, बी, सी, डी संच हा कॉपी रोखण्याचा उपाय. पायाभूत चाचणी आणि संकलित मूल्यमापन यांतही इयत्तेला एकच पत्रिका असते. अमेरिकेत शिकायला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची ‘सॅट’ मात्र आता डिजिटल आणि ॲडॅप्टिव्ह आहे, भारतात २०२३ पासून. तिथे प्रश्नागणिक बदल होत नाही. पहिला टप्पा सगळ्यांना सारख्या पातळीचा, आणि त्यातल्या कामगिरीवरून दुसरा टप्पा सोपा किंवा अवघड. म्हणून टेस्टचा निरोप आला की पहिला प्रश्न हा विचारायचा : ही चाचणी ॲडॅप्टिव्ह आहे का, आणि असेल तर प्रश्नागणिक की टप्प्यानं?

दुसरा गैरसमज तयारीचा. या पट्ट्यात क्लासची कमतरता नाही, आणि मागणी दिसली की ॲडॅप्टिव्ह टेस्टचाही क्लास निघेल. पण आधीच्या वर्षीच्या पत्रिका पाठ करून इथे फारसं हाती लागत नाही. शेजारच्या मुलाला आलेले प्रश्न तुमच्या मुलाला येतीलच असं नाही. समजा, पाठांतरानं चार अवघड प्रश्न जमलेच, तर चाचणी त्याहून अवघड प्रश्न देईल आणि हिशोब तिथे बरोबर होईल. घरून द्यायच्या चाचणीत ताई-दादानं किंवा आईनं उत्तर सुचवलं, तर परिणाम उलटा होतो. यंत्राला वाटतं, मूल पुढे आहे. पुढचे काही आठवडे ते मुलाला झेपणार नाही असं काम देत राहतं, आणि मूल म्हणतं, मला गणितच येत नाही. प्रेमापोटी केलेली ही मदत मुलालाच महाग पडते.

मग तयारी कशाची करायची? काही गोष्टी साध्या, हाताच्या आहेत. घरी फक्त मोबाइल असेल, तर माउस किंवा टचपॅड आधी एकदा हाताळू द्यावा. पडद्यावरचा लांब उतारा वाचायची सवय वेगळी असते. आठवड्यातून एखादी गोष्ट तशी वाचावी. गणितासाठी कच्चा कागद जवळ घ्यायला शिकवावं, कारण पडद्यावर प्रश्न दिसला की मुलं तोंडीच करू पाहतात. अशा बऱ्याच चाचण्यांत मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही आणि प्रश्न सोडून पुढेही जाता येत नाही. ‘सोपे आधी, अवघड शेवटी’ ही आपण मुलांच्या अंगी बाणवलेली युक्ती तिथे चालत नाही. पुढे जाण्याआधी उत्तर एकदा वाचून बघणं, ही नवी सवय लावावी लागते. उरकण्यासाठी पटापट कुठेही टिचकी मारण्याचाही उपयोग नाही. काही चाचण्या अशी घाई ओळखतात आणि पर्यवेक्षकांना कळवतात.

पण खरी तयारी मनाची आहे, आणि ती घरात होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरतं : ‘तुला जमायला लागलं की कॉम्प्युटर अवघड विचारणार. जे येणार नाही, ते तुला अजून शिकवलेलंच नसेल. नीट विचार करायचा, सुचेल ते उत्तर द्यायचं, पुढे जायचं.’ बारा-तेरा वर्षांच्या मुलीला चाचणी कशी चालते ते पूर्ण सांगावं. तिला ते आवडतं, आणि मित्र-मैत्रिणींशी प्रश्न ताडून पाहण्यात अर्थ नाही हेही तिचं तिलाच कळतं. चाचणीआधीच्या महिन्याभरात घरी अधूनमधून न येणारं कोडं घेऊन आई-बाबांनी मुलासमोर बसावं. आपल्यालाही सुटत नाही, तरी आपण खुर्ची सोडत नाही, हे मुलाला दिसावं. आणि चाचणीच्या दिवशी ‘किती पडले?’ हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळावा. त्याऐवजी विचारावं : कुठला प्रश्न सगळ्यात भारी होता? या प्रश्नाचं उत्तर मूल आनंदानं देतं, आणि ते कुठपर्यंत पोचलं होतं हे त्यातून तुम्हालाही समजतं.

अहवालाकडे वळताना कंपनीतलीच एक गोष्ट लक्षात ठेवावी : मायक्रोमीटरलाही लीस्ट काउंट असतो. इथला आकडाही एका पट्ट्यासह येतो. मुलाचा स्कोअर अमुकच्या आसपास, थोडा वर किंवा थोडा खाली. जूनपेक्षा नोव्हेंबरमध्ये दोन-तीन अंक कमी दिसले, म्हणजे मूल मागे पडलं असं नाही. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढत असतील, तर फरक नाही असंच समजावं. वर्षभरातली तीन रीडिंग एकत्र पाहिली की दिशा दिसते. स्कोअर टक्क्यांमध्ये नसतो. पर्सेंटाइल साठ म्हणजे साठ टक्के गुणही नव्हेत. तुलनेच्या गटातल्या शंभरांपैकी साधारण साठ मुलं त्याच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो गट कुठला, भारतातला की परदेशातला, हे शाळेला विचारायलाच हवं.

या साधनाच्या मर्यादाही पुस्तिकेत लपवलेल्या नाहीत. बहुतेक प्रश्न पर्यायी असतात. निबंध, बोलणं, प्रयोग, चित्र, मिळून काम करणं त्यांत मोजलं जात नाही. घरात मराठी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला गणिताचं शाब्दिक उदाहरण इंग्रजीत आलं, तर मोजलं जातं ते गणित की इंग्रजी, हे सांगणं कठीण. अशा वेळी तेच उदाहरण घरी मराठीत विचारून पाहावं. उत्तर आलं तर काम भाषेवर करायचं आहे, गणितावर नाही. कमी स्कोअर म्हणजे अध्ययन अक्षमतेचं निदान नव्हे. शंका असेल तर तज्ज्ञांकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. आणि इंटरनेट तुटलं, आदल्या रात्री झोप झाली नाही, ताप होता, तर ते रीडिंग बाजूला ठेवायला सांगण्यात संकोच नको.

पुढची प्रकरणं याच क्रमानं येतात : आधी चाचणी, मग मुलाची तयारी, मग अहवाल, शेवटी शाळेशी बोलणं. वेळ कमी असेल तर शेवटचं प्रकरण आधी वाचा. कारण पालक म्हणून तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे ते तिथेच. पालकसभेला वेळ जमत नसेल, तर शिफ्ट बदलून घ्या किंवा बाईंना फोन करून वेळ मागा. चाचणी कशासाठी घेतली, निकाल कोण पाहणार, त्यावर तुकडी किंवा प्रवेश तर ठरणार नाही ना, हे चाचणीआधी विचारा. निकालानंतर महिन्याभरानं पुन्हा जा आणि एवढंच विचारा : या अहवालामुळे माझ्या मुलाला शिकवण्यात काय बदललं? उत्तर ठोस असेल, तर शाळेला साथ द्या. उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर मुलाचा तो तास आणि तुमची फी कशासाठी खर्च झाली, हेही विचारा. मोजलेलं वापरायचंच नसेल, तर मोजण्यात अर्थ नसतो, हे या पट्ट्यातल्या पालकांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.